अर्क आणि साचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पदविकेच्या अ‍ॅनिमेशन फिल्मसाठी तुम्ही एक सावकार रेखाटलाय. आकडीसारखं नाक, पाठीला पोक, बारीक डोळे आणि सतत एकमेकांवर चोळले जाणारे लांबसडक हात. वर्गातल्या मैत्रिणीनं ‘हे स्टिरिओटाइप आहे’ म्हणून हरकत घेतली. मार्गदर्शक म्हणाले, ‘कार्टून म्हणजेच अतिशयोक्ती, इतकं घाबरून कसं चालेल?’ ऐकायचं कुणाचं? आणि मैत्रिणीची फूटपट्टी लावली तर लहानपणी आवडीनं पाहिलेली अर्धीअधिक कार्टून्स बाद ठरतात, त्यांचं काय करायचं?

गेली पंचवीस वर्षं मी कॅरेक्टर डिझाइन आणि स्टोरीबोर्डचं काम करते आहे, मधली काही वर्षं डबिंगमध्येही होते. माझं मत सांगते. अतिशयोक्तीबद्दल तुमचे मार्गदर्शक बरोबर आहेत आणि या नाकाबद्दल तुमची मैत्रीण बरोबर आहे. दोघं बोलताहेत वेगवेगळ्या गोष्टींबद्दल, पण दोघांनी त्या एकच धरल्यामुळे भांडण लागलंय.

कॅरिकेचरला आपल्याकडे ‘अर्कचित्र’ म्हणतात. हा शब्द मला फार नेमका वाटतो. अर्क काढायचा तर आधी समोर मूळ वस्तू हवी. एखाद्या माणसाकडे तासभर बघत बसावं, तो खुर्चीत कसा टेकतो, बोलताना हनुवटी कुठे जाते, चिडल्यावर खांदे चढतात की उतरतात हे टिपावं आणि मग त्यातलं नव्वद टक्के टाकून देऊन उरलेलं दहापट मोठं करावं. हे झालं अर्कचित्र. त्यात अतिशयोक्ती हवी तेवढी असो, ती त्या एका माणसाची असते.

साच्याला समोर माणूस लागतच नाही. स्टिरिओटाइप हा मुळात छापखान्यातला शब्द. फ्रान्समध्ये फिर्मां दिदो यानं १७९८च्या सुमाराला तो रूढ केला. जुळवलेल्या खिळ्यांच्या अख्ख्या पानाचा साचा घेऊन त्यावरून धातूची एकसंध पाटी ओतायची, म्हणजे पुन्हा खिळे न जुळवता तेच पान हवं तितक्या वेळा छापता येतं. वॉल्टर लिपमन या अमेरिकी पत्रकारानं १९२२ साली हा शब्द माणसांच्या डोक्यातल्या तयार चित्रांसाठी वापरला आणि आज आपण तो त्याच अर्थानं वापरतो. छापखान्यातला अर्थ मात्र विसरू नका, कारण आपल्या धंद्यात हुबेहूब तेच घडतं. चित्र माणसावरून निघत नाही, आधीच्या चित्रावरून निघतं, आणि ते आधीचं चित्र त्याच्याही आधीच्या चित्रावरून.

म्हणून कुणी रफ, म्हणजे कच्चं रेखाटन, दाखवायला आलं की मी पहिलं हेच विचारते: हे नाक तुम्ही पाहिलंत कुठे? कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं असेल, तर आपण पुढे बोलू शकतो. उत्तर ‘असे लोक असेच असतात ना’ असं आलं, तर तो कागद बाजूला ठेवायचा.

तुमच्या सावकाराचं नाक कुठून आलं ते मी सांगू शकते, कारण त्याचा माग लागतो. चार्ल्स डिकन्सच्या ‘ऑलिव्हर ट्विस्ट’साठी १८३७ पासून जॉर्ज क्रुकशँक यानं चित्रं काढली. त्यातला फेगिन हा चोरांचा म्होरक्या ज्यू आहे. त्याचं आकडी नाक, वाकलेली पाठ आणि वखवखलेली नजर युरोपातल्या ज्यूंविषयीच्या जुन्या पूर्वग्रहातून थेट उतरलेली आहे. १८६३ साली एलायझा डेव्हिस या ज्यू बाईंनी डिकन्सला पत्र लिहून हा अन्याय दाखवून दिला. आधी त्यानं बचाव केला, पण पुढच्या आवृत्तीत फेगिनचा ‘तो ज्यू’ म्हणून येणारा उल्लेख त्यानं पुष्कळ ठिकाणी काढून टाकला आणि नंतरच्या कादंबरीत रिया नावाचा सज्जन ज्यू आणला. मजकूर दुरुस्त झाला, चित्र तसंच राहिलं. पुढे जर्मनीत ‘डेर श्टुर्मर’ हे १९२३ साली सुरू झालेलं नाझी साप्ताहिक तेच नाक, तेच पोक, तेच हात पानापानावर छापत राहिलं. त्या चित्रांनी काय घडवायला मदत केली हे जगाला ठाऊक आहे.

तुमच्या मनात यातलं काहीही नव्हतं, याची मला खात्री आहे. तुमच्या फिल्ममध्ये ज्यू माणूसही नाही. पण कृपण, कपटी, पैसेवाला म्हातारा म्हटल्याबरोबर हात आपोआप त्या नाकाकडे वळला, तो साच्यामुळे. साचा वापरणाऱ्याच्या मनात द्वेष असावाच लागत नाही. हे समजायला मला बरीच वर्षं लागली. आपल्या कामातला आरोप ऐकला की आपण लगेच ‘माझा हेतू तसा नव्हता’ म्हणतो आणि तिथेच चर्चा थांबते. हेतूचा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो रेषा कुठून आली याचा.

विल आयस्नरसारख्या मोठ्या कलावंतालाही हे चुकलं नव्हतं. १९४० साली सुरू झालेल्या ‘द स्पिरिट’ या चित्रमालिकेत त्यानं एबनी व्हाइट नावाचा कृष्णवर्णीय मुलगा काढला: जाड गुलाबी ओठ, बटाट्यासारखे डोळे, मोडकंतोडकं बोलणं. तो स्वतः ज्यू होता. उतारवयात, २००३ साली, त्यानं फेगिनच्या बाजूनं एक चित्रकादंबरी केली आणि तिच्या प्रस्तावनेत एबनीचाही हिशोब मांडला. आपल्या समाजाचा साचा ज्याला बोचतो, त्याच माणसाच्या हातात दुसऱ्याचा साचा सहज बसतो, हे मी त्या उदाहरणातून शिकले.

आता अ‍ॅनिमेशनबद्दल, कारण आपली जबाबदारी इतर माध्यमांपेक्षा जास्त आहे. कॅमेऱ्यानं घेतलेल्या चित्रपटात नटाचा चेहरा नटाचा असतो, रस्त्यावरून कुणीतरी सहज जातं, वारा येतो. आपल्याकडे सहज असं काही येत नाही. सेकंदाला चोवीस चौकटी, आणि त्यातलं प्रत्येक बोट, प्रत्येक पापणी कुणीतरी ठरवून काढलेली. ‘तसं होऊन गेलं’ म्हणायची सोयच नाही.

आणि तरीही साचे आपल्याकडेच जास्त फोफावतात. पात्र पडद्यावर आल्यापासून दोन सेकंदांत ते कोण आहे हे मुलाला कळायला हवं, असं आपल्याला शिकवतात. आतले तपशील पुसून नुसती काळी आकृती ठेवली तरी पात्र ओळखू यावं, हा सिल्हूटचा नियमही शिकवतात. दोन्ही नियम चांगले आहेत. पण दोन सेकंदांत ओळख पटवायची, तर प्रेक्षकाच्या डोक्यात आधीपासून असलेलं चित्र हाच सगळ्यात जवळचा रस्ता, आणि डेडलाइन अंगावर आली की हात त्याच रस्त्यानं जातो. थ्रीडीत आणखी एक गोष्ट होते. मुख्य पात्रांवर महिने खर्च होतात आणि गर्दीसाठी लायब्ररीतले, म्हणजे संगणकावर आधीच करून ठेवलेल्या साठ्यातले, चार-सहा तयार देह फिरवले जातात. पुरुषांत उंच, बुटका, जाडा, म्हातारा असे प्रकार सापडतात, बाईचा मात्र एकच देह केस बदलून सगळीकडे. हे कुणी ठरवून करत नाही. लायब्ररी करणाऱ्याला त्या आठवड्यात तेवढंच सुचलेलं असतं आणि मग पाच वर्षं तीच गर्दी पडद्यावर चालत राहते.

धंद्याचा पायाच काही प्रमाणात असा घातला गेलाय, हेही माहीत असू द्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत मिन्स्ट्रल शो जोरात होते. गोरे नट तोंडाला काजळी फासून, ओठ मोठे रंगवून, पांढरे हातमोजे घालून कृष्णवर्णीयांची नक्कल करायचे. सुरुवातीच्या कार्टून्समधली काळी अंगं, मोठाली तोंडं, टपोरे डोळे, पांढरे हातमोजे यांवर त्या रंगमंचाची छाप आहे. कृष्णधवल पडद्यावर काळ्या अंगापुढे हात दिसावेत हे हातमोज्यांचं व्यावहारिक कारणही खरंच आहे, मी ते नाकारत नाही. पण वॉर्नर ब्रदर्स या स्टुडिओच्या कार्टून्समधल्या पहिल्या नायकाचं, बॉस्कोचं उदाहरण बघा. त्याचा एक निर्माता ह्यू हार्मन यानं १९२८ साली कॉपीराइटसाठी त्याची नोंद केली, तीच ‘निग्रो मुलगा’ अशी. इथे तर्क लढवायची गरज उरत नाही.

‘टॉम अँड जेरी’ तुम्ही नक्की पाहिलंय. त्यातली घरातली बाई आठवते? जाडजूड पाय, घरंगळलेले मोजे, चपला आणि टॉमला बाहेर फेकणारा दणदणीत आवाज. चेहरा जवळजवळ कधीच दिसत नाही. पडद्यामागच्या लोकांमध्ये ती मॅमी टू शूज म्हणून ओळखली जायची. १९४० ते १९५२ या काळात ती होती आणि तिला आवाज दिला होता लिलियन रँडॉल्फ या कृष्णवर्णीय अभिनेत्रीनं. गोऱ्यांच्या घरातली लठ्ठ, कर्कश, अडाणी बोलीची मोलकरीण हा त्या काळचा ठरलेला साचा. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेनं त्यावर आक्षेप घेतला होता.

पुढे जे झालं ते मला मूळ चुकीइतकंच शिकवून जातं. १९६०च्या दशकात टीव्हीसाठी या फिल्म्स दुरुस्त केल्या गेल्या. कसं? त्या बाईच्या जागी एक सडपातळ गोरी बाई काढून बसवली आणि जून फोरे या आवाज देणाऱ्या अभिनेत्रीकडून तिला आयरिश हेल दिला. म्हणजे एक मोलकरीण-साचा काढून दुसरा बसवला, कारण आयरिश मोलकरीण हाही अमेरिकेतला जुनाच साचा. आणि पडद्यावर जी एक कृष्णवर्णीय बाई होती, तीही गेली. नंतर १९९०च्या दशकात चित्र मूळचंच ठेवून थिया विडाल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीकडून, बोलीची टिंगल न करता, संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित केले. तिन्ही रूपं शेजारी शेजारी लावून बघा. मी विद्यार्थ्यांना आधी आवाज बंद करून दाखवते, मग चित्र झाकून ऐकवते. साचा कधी रेषेत असतो, कधी आवाजात, कधी फक्त एवढ्यातच असतो की त्या बाईला स्वतःचं असं काहीच हवं नसतं. तिला नाव नाही, चेहरा नाही, टॉमला हाकलण्यापलीकडे इच्छा नाही.

आवाजाकडे आपण चित्रकार मंडळी फार दुर्लक्ष करतो. रोझिना लिपी-ग्रीन या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात डिस्नेच्या २४ चित्रपटांतली ३७१ पात्रं एकेक करून ऐकली. परक्या हेलानं इंग्रजी बोलणाऱ्या पात्रांमध्ये दुष्टांचं प्रमाण अमेरिकी बोलणाऱ्यांपेक्षा साधारण दुप्पट निघालं. १९९२चा ‘अलादिन’ त्या नजरेनं ऐका. नायक, नायिका साफ अमेरिकी बोलतात, पहारेकरी आणि बाजारातले विक्रेते जड हेलानं. राहतात सगळे एकाच गावात! सुरुवातीच्याच गाण्यात, चेहरा आवडला नाही तर कान कापतात असा त्या देशाचा गौरव होता. अरब-अमेरिकी लोकांनी निषेध केल्यावर १९९३च्या व्हिडिओ आवृत्तीत तेवढी ओळ बदलली, पुढचं ‘रानटी’ हे विशेषण मात्र राहू दिलं.

डबिंगमध्ये मी हे रोज पाहायचे. मूळ फिल्ममध्ये पात्र साधं बोलत असलं, तरी ते नोकराचं किंवा मूर्खाचं असलं की भाषांतरकार त्याला गावाकडची बोली द्यायचा, आणि व्हॉइस आर्टिस्टला सूचना मिळायची, ‘जरा गावरान कर, मजा येईल.’ शहाण्या पात्राला ती बोली कधीच मिळाली नाही. एकदा मी शास्त्रज्ञाच्या पात्राला ती बोली सुचवली. खोलीतले सगळे हसले. खलनायक कुणाला करायचं याइतकाच, शहाणपण कुठल्या बोलीत बोलणार हा निर्णय गंभीर असतो, हे मला त्या हसण्यानं पटलं. घरी तीच बोली बोलणारं मूल तो भाग बघणार होतं.

अपूचं प्रकरण तुम्ही ऐकलं असेल. ‘द सिम्पसन्स’मधला हा भारतीय दुकानदार १९९०पासून होता आणि त्याचा आवाज द्यायचा हँक अझारिया हा गोरा नट. अपू मूर्ख नव्हता, दुष्टही नव्हता. उलट शिकलेला, कष्टाळू, प्रेमळ. मग बिघडलं काय? कितीतरी वर्षं अमेरिकी पडद्यावर भारतीय म्हणून तो एकटाच ठळकपणे दिसत होता. हरी कोंडाबोलू या विनोदी कलाकारानं २०१७ साली माहितीपटातून दाखवलं की अमेरिकेत वाढलेल्या भारतीय वंशाच्या मुलांना शाळेत त्याच हेलानं चिडवलं जायचं. अझारियानं २०२० साली ती भूमिका सोडली आणि पुढच्या वर्षी जाहीर माफी मागितली. यातून मी काढलेला धडा संख्येचा आहे. एकच पात्र असलं की ते अख्ख्या समाजाचं ओझं वाहतं. पडद्यावर दहा भारतीय असते, तर अपू हा त्यांतला एक दुकानदार ठरला असता.

बायकांचंही तेच. ‘स्मर्फ्स’ ही बेल्जियन चित्रमालिका १९५८ची. प्रत्येक स्मर्फला एकेक गुण: एक विद्वान, एक आळशी, एक चिडका. १९६६ साली त्यांत स्मर्फेट आली आणि तिचा गुण काय, तर ती मुलगी आहे! तिला घडवलं तेही खलनायकानं, स्मर्फांत भांडणं लावायला. आधी काळे केस होते, मग सोनेरी केल्यावर ती सगळ्यांना आवडू लागली. केथा पॉलिट या अमेरिकी लेखिकेनं १९९१ साली मुलांच्या माध्यमांतल्या या ‘सगळे मुलगे आणि एक मुलगी’ पद्धतीला स्मर्फेटचंच नाव दिलं. नायिकेच्या नावावर चित्रपट काढला म्हणजे प्रश्न सुटतो असंही नाही. कारमेन फॉट आणि कॅरन आयझेनहॉवर या भाषाशास्त्रज्ञांनी २०१६ साली संवाद मोजले, तेव्हा ‘द लिटल मरमेड’मध्ये ६८ टक्के आणि ‘मुलान’मध्ये ७७ टक्के बोलणं पुरुष पात्रांचं निघालं. तुमच्या पटकथेवर हे मोजायला वीस मिनिटं लागतील. जरूर मोजा.

एक सावधगिरी. हे सगळं वाचून घाबरून जाऊन प्रत्येक परकं पात्र सज्जन, सोशिक आणि निर्दोष करू नका. तोही साचाच, फक्त गुळगुळीत. आणि बाहेरून बसून कुणाला काय टोचेल याचा अंदाज बांधू नका, विचारा. स्पीडी गोन्झालेस या मेक्सिकन उंदराला १९९९ साली कार्टून नेटवर्कनं पडद्यावरून उतरवलं. तेव्हा त्याला परत आणा म्हणून आग्रह धरला तो लॅटिन अमेरिकी लोकांच्याच संघटनेनं, आणि २००२ साली तो परतला. त्याचे आळशी मित्र साचेबद्ध आहेतच, पण स्पीडी स्वतः चलाख आहे, धीट आहे, जिंकतो. त्या लोकांना तो आपला वाटत होता.

विचारायचं कधी, हेही महत्त्वाचं. डिस्नेच्या ‘मोआना’ या चित्रपटाच्या आधीच्या आराखड्यांत माउई हा पॅसिफिक दंतकथांतला वीर टकलू होता. पॅसिफिक बेटांवरच्या सल्लागारांनी सांगितल्यावर त्याला लांब केस आले, कारण त्याचं बळ केसांत आहे. मॉडेल शीट, म्हणजे पात्र कसं काढायचं हे ठरवून देणारा नमुना, पक्की व्हायच्या आधी विचारलं म्हणून ते शक्य झालं. मेक्सिकोत घडणाऱ्या ‘कोको’ या चित्रपटाच्या वेळी उलट सुरुवात झाली. २०१३ साली डिस्नेनं मेक्सिकन लोकांच्या मृतस्मरणाच्या सणाचं नावच ट्रेडमार्क करायला अर्ज केला. मोठा संताप उसळला. लालो अल्काराझ या व्यंगचित्रकारानं त्यावर झोंबणारं चित्र काढलं. अर्ज मागे घेतला गेला, आणि पुढे त्याच अल्काराझला सल्लागार म्हणून बोलावण्यात आलं. टीका करणाऱ्याला कामाच्या टेबलापाशी बसवणं हा मला त्या चित्रपटातला सगळ्यात शहाणपणाचा निर्णय वाटतो.

जुन्या कार्टून्सचं काय? युनायटेड आर्टिस्ट्स या वितरक कंपनीनं १९६८ साली वॉर्नरच्या अकरा कार्टून्स वितरणातून काढून घेतल्या. त्या ‘सेन्सर्ड इलेव्हन’ म्हणून ओळखल्या जातात. डिस्नेनं २०२० साली काही जुन्या चित्रपटांआधी, यातलं चित्रण तेव्हाही चूक होतं आणि आजही आहे, अशी पाटी लावली. मी जाळपोळीच्या आणि कात्री चालवण्याच्या विरुद्ध आहे, कारण तुकडा कापला की चूक झालीच नव्हती असं भासतं. आपल्यासारख्या काम शिकणाऱ्यांनी तर ती बघायलाच हवीत, थांबवून थांबवून. लहान मुलांचं वेगळं. चार वर्षांच्या मुलाला पाटी वाचता येत नाही. त्याला दाखवायचं तर शेजारी बसा, आणि शेजारी बसायला वेळ नसेल तर दुसरं काहीतरी लावा. थोड्या मोठ्या मुलाला विचारून बघा, ‘हा वाईट आहे हे तुला कशावरून कळलं?’ ‘त्याच्या नाकावरून,’ असं उत्तर आलं की बोलायला विषय मिळाला.

आता तुमचा सावकार. नाक पुसा, पोक पुसा, हात चोळणं तर पुसाच. मग त्याला काय हवंय ते ठरवा. पैसा सगळ्यांनाच हवा असतो. याला तो कशासाठी हवा? समजा, तो लहानपणी कुणाच्या तरी दारात ताटकळत उभा राहिलेला आहे आणि आता इतरांना ताटकळत ठेवण्यात त्याला समाधान मिळतं. मग त्याचा देह वेगळाच होईल. तो ताठ बसेल, सावकाश हलेल, समोरचा बोलत असताना चष्मा पुसत राहील. त्याच्या दारातली बसायची जागा मुद्दाम बुटकी असेल. हे रेखाटायला एखाद्या कार्यालयाच्या प्रतीक्षाकक्षात दोन दिवस वही घेऊन बसा, आत बसलेला माणूस बाहेरच्यांना कसा थांबवतो ते बघा. पंचवीस-तीस रफ झाले की त्यातले सहा घेऊन मैत्रिणीकडे जा. आणि त्यातल्या एखाद्याचं नाक खरोखरच मोठं निघालं, तर ते तसंच राहू द्या.